उपकार नको, वर्गणी हवी!

एप्रिल महिना जवळ आला की वस्तीतली पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात येतात आणि आपण जयंतीची वर्गणी देतो. कुणी शंभर देतं, कुणी पाचशे, नोकरीवाला असेल तर हजार-दोन हजार. त्यात देणाऱ्याला उपकार केल्यासारखं वाटत नाही आणि घेणाऱ्यालाही लाज वाटत नाही. जयंती आपली, म्हणून वर्गणीही आपली, एवढा साधा हिशेब असतो. पण त्याच वस्तीतला एखादा कवी, एखादी लिहिणारी बाई, डॉक्युमेंटरी करू पाहणारा एखादा पोरगा म्हणाला की, "मला हे काम करायचं आहे, तुम्ही वाचक म्हणून आधी पैसे भरा," तर आपली नजर बदलते. "याला कामधंदा नाही का?" "चळवळीच्या नावावर दुकान मांडलं का?" असं मागून बोललं जातं. एवढं होऊनही काम पूर्ण झालंच, तर पुढची मागणी तयार असते: "एक प्रत भेट दे की." नाहीतर, "पीडीएफ ग्रुपवर टाक."

मित्रांनो आणि मैत्रिणींनो, मला या लेखात एकच मुद्दा मांडायचा आहे. ज्याच्या एकट्याच्या पैशावर पुस्तक निघतं, त्याला त्या पुस्तकातलं एखादं पान काढायला सांगण्याचा अधिकार आपोआप मिळतो. म्हणून आपल्या निर्मितीचा पैसा एका खिशातून येता कामा नये. तो शेकडो खिशांतून यायला हवा, आणि उपकार म्हणून नव्हे, तर वर्गणी म्हणून यायला हवा. हे मी ऐकीव सांगत नाही. गेली दोन वर्षं मी हे रोज बघितलं आहे.

मी वऱ्हाडात सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करते. बचत गट, शिष्यवृत्तीचे अर्ज, कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी हे माझं रोजचं काम. या कामाच्या निमित्ताने गावोगावच्या बौद्ध वस्त्यांत जाणं होतं. तिथे मला एक गोष्ट वारंवार दिसायची. आपल्या बुद्ध-भीम भजनी मंडळांतली, गायन पार्ट्यांतली जुनी माणसं एकेक करून जात आहेत आणि त्यांच्या गाण्यांच्या वह्या रद्दीत जात आहेत. ज्यांनी कधी शाळेचं तोंड नीट पाहिलं नाही, त्यांनी दोनशे पानी वहीत स्वतः रचलेली गाणी लिहून ठेवली. महाडचा सत्याग्रह, पुणे करार, नागपूरची दीक्षा, बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण, नामांतराचा लढा, सगळं त्या वह्यांत आहे. आपल्या आधीच्या पिढ्यांना आंबेडकरवाद ग्रंथांतून कळण्याआधी हार्मोनियम, ढोलकी आणि खंजिरीवर कळला. समाजशास्त्रात एम.ए. करताना मला मौखिक इतिहासावर ढीगभर वाचायला लागलं. पण माझ्याच मावशीच्या गावातला मौखिक इतिहास किलोच्या भावाने जात होता आणि त्याची कुठे नोंद नव्हती.

म्हणून ठरवलं की तीन जिल्ह्यांतल्या अशा वह्या स्कॅन करायच्या, जे गाऊ शकतात त्यांचा आवाज रेकॉर्ड करायचा आणि रचनाकारांच्या ओळखीसह एक पुस्तक काढायचं. अंदाज काढला तर खर्च सव्वा लाखाच्या घरात जात होता. माझ्या मानधनात ते शक्य नव्हतं. मग पैसे शोधायला निघाले आणि माझ्यासमोर तीन दारं आली.

पहिलं दार सरकारी अनुदानाचं. तिथे बाई फार सभ्य होत्या. अर्ज घेतला, सोबत लागणाऱ्या कागदांची यादी दिली. यादीत संस्थेची नोंदणी, तीन वर्षांचा लेखापरीक्षण अहवाल आणि यापूर्वी प्रकाशित झालेल्या पुस्तकांच्या प्रती होत्या. ज्याने आधी पुस्तक काढलं आहे त्यालाच पुस्तक काढायला पैसे, असा तो नियम. फाईल जमा केली. ती अजून तिथेच आहे.

दुसरं दार एका मोठ्या सामाजिक संस्थेचं. त्यांना विषय आवडला. फक्त नाव बदला म्हणाले. 'आंबेडकरी' हा शब्द देणगीदार कंपनीला राजकीय वाटतो, त्याऐवजी 'वंचित समुदायांची लोककला' असं लिहा. मी विचारलं, गाण्यांमधलं बाबासाहेबांचं नाव तुम्ही कशाने झाकणार? त्यावर उत्तर आलं नाही. ज्या माणसांनी आयुष्यभर 'जयभीम' म्हणत गाणी गायली, त्यांना पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'वंचित समुदाय' करून टाकायचं, हे मला पटणारं नव्हतं.

तिसरं दार आपल्याच माणसाचं, आणि तेच सगळ्यात अवघड ठरलं. आमच्या भागातले एक पुढारी. समाजात वजन आहे, विहाराला फरशी बसवून दिली, पोरांना स्पर्धा परीक्षेची पुस्तकं दिली. त्यांनी एका बैठकीत साठ हजार देतो म्हणून सांगितलं. पहिल्या पानावर त्यांचा फोटो आणि शुभेच्छापर मनोगत, एवढीच अट. फोटोचं मी एकवेळ समजून घेतलं असतं. पण त्यांनी हस्तलिखित वाचायला नेलं आणि परत देताना म्हणाले, "ताई, पुस्तक एकदम मस्त झालं. फक्त ते पाचवं प्रकरण काढा. समाजाची बदनामी होते."

पाचवं प्रकरण बायकांचं आहे. बऱ्याच वह्यांत गाण्याच्या शेवटच्या कडव्यात नवऱ्याचं नाव गुंफलेलं आहे, आणि चाल किंवा आख्खी रचना बायकोची आहे. सत्तरी पार केलेल्या एका आजीने मला सरळ विचारलं होतं, "माह्या मालकाचं नाव छापशीन, मंग माहं काहून नाही? गाणं तं मीच बांधलं होतं." दुसऱ्या एका मावशीने सांगितलं की गायन पार्टीत गेल्याबद्दल तिला घरी मार बसायचा, आणि मारणारा नवरा स्टेजवर रमाईच्या त्यागाचं गाणं गायचा. हे मी नावं न देता, त्या बायकांची परवानगी घेऊन लिहिलं होतं. आता हे काढलं तर पुस्तकात काय उरतं? पुरुषांनी पुरुषांबद्दल लिहिलेल्या ओळी उरतात. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडलं आणि आपण त्यांच्याच गाण्यांच्या पुस्तकातून बाईचं नाव पुसायचं?

साठ हजारांना मी नम्रपणे नाही म्हटलं. नाही म्हणणं सोपं नव्हतं, कारण तेवढ्याने निम्मं काम होणार होतं. पण त्या दिवशी मला नीट कळलं की पैसा कुठून येतो हा हिशेबाच्या वहीचा प्रश्न नाही. पुस्तकात काय राहील आणि काय जाईल, हे तिथेच ठरतं.

हा पेच आपल्या चळवळीला नवा नाही. तो पहिल्या दिवसापासून आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झालं तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. त्या काळात ही फार मोठी रक्कम होती. आणि त्याच वेळी 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनसुद्धा छापायला नकार दिला होता. म्हणजे आपल्याकडे पैसे असले तरी दुसऱ्याच्या छापखान्यात आपल्याला जागा नव्हती. म्हणून स्वतःचं पत्र हवं होतं. पण शाहू महाराजांची मदत हा आरंभ होता. बाबासाहेब त्याच वर्षी शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडलं. मोठ्या मनाच्या एका दात्याने सुरुवात करून दिली, पण पत्र रोज जगवायला वर्गणीदारांचं बळ लागतं, ते तेव्हा उभं राहिलं नव्हतं.

पुढे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर काही दिवसांतच, ३ एप्रिल १९२७ ला, 'बहिष्कृत भारत' निघालं. अंकाचे बहुतेक रकाने बाबासाहेब स्वतः लिहायचे. मदतीला पगारी संपादक नव्हता, कारण पगार द्यायला पैसे नव्हते. १९२८ साली त्यांनी 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' या मथळ्याचा लेख लिहिला. हा मथळाच आपल्या तरुणांनी पाठ करावा असा आहे. त्यात 'ऋण' हा शब्द आहे. मदत, देणगी, उपकार यातला एकही शब्द नाही. वाचलंत ना? मग तुम्ही देणं लागता. ज्या माणसाकडे परदेशातल्या विद्यापीठांच्या पदव्या होत्या, जो वकिली करून सुखात राहू शकला असता, तो आपल्या वाचकाकडे भीक मागत नव्हता. तो वाचकाला त्याच्या देण्याची आठवण करून देत होता. तरीही नोव्हेंबर १९२९ मध्ये 'बहिष्कृत भारत' बंद करावं लागलं. २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता' सुरू झालं आणि तेच १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' झालं. पंचवीस वर्षांहून जास्त काळ एक पत्र चाललं, कारण तोवर त्याच्यामागे गावोगावची संघटना आणि वाचक उभा राहिला होता.

आणि शेवटचं वर्ष आठवा. सप्टेंबर १९५६. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ छापायला सुमारे वीस हजार रुपये लागणार होते आणि ते बाबासाहेबांच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून सरकारने पाचशे प्रती घ्याव्यात असं सुचवलं. त्या वर्षी देशभर बुद्धाची अडीच हजारावी जयंती सरकारी थाटात साजरी होत होती. तरी उत्तर नकाराचं आलं. बुद्धजयंतीच्या प्रकाशनांसाठी ठेवलेला पैसा संपला आहे, असं कळवण्यात आलं. महिन्याभराने नागपूरला लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. ग्रंथ मात्र बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना तो छापलेला हातात घेता आला नाही. हे वाचून नेहरूंवर राग काढून आपण मोकळे होतो. मी उलट प्रश्न विचारते: त्या लाखो लोकांनी प्रत्येकी चार आणे आधी भरले असते, असं कुणी मागितलं असतं, तर सरकारला पत्र लिहायची वेळ आली असती का?

सरकारवर विसंबण्याचा धडा तेवढ्यावर संपत नाही. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासन काढतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण खंडांची छपाई रखडल्याची बातमी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली. सरकारने हे काम केलंच पाहिजे, ते आपल्या कराच्या पैशाचं आहे, आणि त्यासाठी भांडलंही पाहिजे. पण बाबासाहेबांचे खंड जिथे अडकून पडतात, तिथे गावातल्या एका आजीच्या वहीला कोण विचारणार?

आता कुणी म्हणेल, लोकवर्गणीतून अशी मोठी कामं होतात का? होतात. गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या दहा लाखांतून १९७६ साली श्याम बेनेगल यांचा 'मंथन' तयार झाला. पैसे भरलेले शेतकरी नंतर ट्रक भरभरून तो बघायला आले. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या ओडेसा कलेक्टिव्हने गावोगाव चित्रपट दाखवून लोकांकडून पैसे गोळा केले आणि १९८६ मध्ये 'अम्मा अरियन' हा चित्रपट केला. आपल्याकडे औरंगाबादेत गंगाधर पानतावणे सरांनी 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक कित्येक दशकं चालवलं. प्रस्थापित मासिकं ज्यांना दारात उभं करत नव्हती असे किती तरी लेखक त्यातून पुढे आले. कांशीराम साहेब मताबरोबर नोटही मागायचे. त्यामागे फक्त पैसा जमवणं नव्हतं. ज्याने स्वतःच्या खिशातून नोट दिली, तो आपलं मत विकायला तयार होत नाही. पुस्तकाचंही तसंच आहे. ज्याने पैसे भरले, तो पुस्तक वाचतो. फुकट मिळालेल्या पीडीएफ किती जणांनी उघडल्या, हे प्रत्येकाने आपापल्या मोबाईलला विचारावं.

बौद्ध म्हणून मला यात आणखी एक गोष्ट दिसते. 'दान' हा शब्द आपल्याला परका नाही, दान ही पहिली पारमिता आहे. पण भिक्खू भिक्षाटनाला निघतो तेव्हा घरं निवडत जात नाही. ओळीने जातो, श्रीमंताचं दार गाठायला गरिबाचं दार ओलांडत नाही आणि एका घरातून पोट भरत नाही. या व्रताला पालीत 'सपदान' म्हणतात. घराघरातून थोडं थोडं घेतलं की भिक्खू कुणा एकाचा मिंधा राहत नाही, आणि गरीब घरालाही देण्याचा मान मिळतो. धम्मातलं दान असं आहे. वरून खाली टाकलेला तुकडा तो नव्हे.

म्हणून मीही ओळीने दारं घेतली. आधी नियम ठरवले आणि ते कागदावर छापून वाटले. पुस्तकाची आगाऊ नोंदणी अडीचशे रुपये. पाचशे भरले तर दोन प्रती, एक स्वतःला आणि एक गावच्या वाचनालयाला. हजार भरले तर चार. कुणाकडूनही पाच हजारांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, म्हणजे एकूण खर्चाच्या चार टक्क्यांहून जास्त पैसा एका माणसाचा नसेल. उद्या त्याने रागावून हात काढून घेतला तरी काम थांबणार नाही. पुस्तकात कुणाचाही फोटो नाही, शुभेच्छा नाहीत. पैसे देणाऱ्यांची नावं शेवटी अकारविल्हे येतील आणि नावासमोर रक्कम छापली जाणार नाही.

सात महिने लागले. अडीचशे भरणारे २३० जण, पाचशे भरणारे ६२, हजार भरणारे १९, पाच हजार भरणारे दोघे. पण मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते १४१ जण, ज्यांनी दहा, वीस, पन्नास, शंभर असे दिले. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की मी दोन गाणी रेकॉर्डवरून ऐकवायचे आणि काय करते आहे ते सांगायचे. बायका पदराच्या गाठीतून नोट काढायच्या. एक आजी वीस रुपये देत म्हणाली, "मले वाचता येत नाही, पण नातू वाचून दाखवीन. माहं नाव लिहिजो." या १४१ जणांचे मिळून ८,८४० रुपये झाले. एकूण जमले १,२६,३४०.

खर्च झाला १,२५,०००. सहाशे प्रतींची छपाई आणि बांधणी ६३,०००, अक्षरजुळणी आणि मांडणी १४,०००, प्रवास १६,५००, स्कॅनिंग आणि रेकॉर्डिंग ९,५००, टपाल ६,५००, आणि ३१ गायक-रचनाकारांना प्रत्येकी पाचशे असं मानधन १५,५००. मानधन फार थोडं आहे, मला माहीत आहे. पण त्यातल्या बऱ्याच जणांना आयुष्यात पहिल्यांदाच गाण्यासाठी पावती करून पैसे मिळाले. हा सगळा हिशेब मी विहाराच्या फळ्यावर लावला आणि पैसे देणाऱ्या प्रत्येकाला मोबाईलवर पाठवला. पाचवं प्रकरण जसंच्या तसं छापलं. ज्या आजीने आपलं नाव मागितलं होतं, तिचं नाव तिच्या गाण्याखाली आहे.

आता आक्षेपांकडे येते, कारण ते खरे आहेत.

पहिला आक्षेप: आपला समाज गरीब आहे, त्याच्यावर आणखी भार कशाला? हा आक्षेप घेणारा बहुतेक वेळा स्वतः गरीब नसतो. वीस रुपये देणाऱ्या आजीने हा आक्षेप घेतला नाही. आणि आज आपल्यात शिक्षक आहेत, बँकेत, रेल्वेत, महावितरणात, आयटीत नोकरीला असलेले हजारो लोक आहेत. आरक्षणाने मिळालेल्या पगारातून समाजाला परत देण्याची, 'पे बॅक टू सोसायटी'ची भाषणं आपण दरवर्षी ऐकतो. त्या परत देण्याच्या यादीत पुस्तक, गाणं, नाटक आणि चित्रपट का नसावा?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एका धनिकाचा दबाव टाळून तुम्ही शेकडो वाचकांचा दबाव ओढवून घेता. वाचकही म्हणणार की आम्हाला आवडेल तेच लिहा. खरं आहे. माझ्याकडेही एका भावाने पाचशे भरले होते. पुस्तकात पोटजातीच्या भिंतींबद्दल दोन पानं आहेत, लग्न जमवताना आपण बौद्ध असूनही जुन्या पोटजाती कशा शोधतो त्याबद्दलची. ती वाचून त्यांचा फोन आला, "यासाठी पैसे दिले नव्हते." मी त्यांचे पाचशे त्याच संध्याकाळी परत केले. पण यातला फरक लक्षात घ्या. साठ हजार परत करायचे असते तर मला पुस्तक बंद करावं लागलं असतं. पाचशे परत करताना मला एक मिनिट लागलं. वाचकांच्या पैशातही दबाव असतो, पण तो वाटला गेलेला असतो, आणि वाटलेलं ओझं लेखकाला पेलता येतं.

तिसरा आक्षेप: लोकवर्गणीत फसवणूक होते. होते. बाबासाहेबांच्या नावावर पावत्या छापून हिशेब न देणारे आपल्यातही आहेत. पण त्यावर उपाय हिशेब मागणं हा आहे. देणं बंद केलं तर चोराचं काही बिघडत नाही, काम करणारा मात्र मरतो.

जे तरुण असं काही करू बघतात त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. भावनेच्या भरात त्या विसरल्या जातात आणि मग त्रास होतो.

एक, पैसे घरखर्चाच्या खात्यावर घेऊ नका. वेगळं खातं उघडा, यूपीआयचा कोड त्याच खात्याचा ठेवा, रोख रकमेलाही पावती द्या.

दोन, नुसती भेट म्हणून पैसे घेण्यापेक्षा पुस्तकाची आगाऊ विक्री म्हणून घ्या आणि तशी पावती करा. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षभरात मिळालेली भेट पन्नास हजारांच्या वर गेली तर ती सगळी रक्कम करपात्र उत्पन्न धरली जाते. विक्रीच्या पैशातून मात्र खर्च वजा करता येतो. रक्कम मोठी असेल तर आपल्यातल्याच एखाद्या सीए भावा-बहिणीला आधी विचारा.

तीन, परदेशातले आपले लोक मदत करायला उत्सुक असतात, पण तिथे परकीय योगदानाचा कायदा आड येतो. परदेशात राहणाऱ्या पण भारतीय नागरिक असलेल्या माणसाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय योगदान ठरत नाहीत. ज्याने तिथलं नागरिकत्व घेतलं त्याचे ठरतात. वृत्तपत्रं आणि बातम्या देणाऱ्या माध्यमांना तर परकीय योगदान घ्यायला २०१० च्या कायद्याने मनाईच आहे. आपल्यावर नजर आधीच असते, तिला कागदाचं निमित्त देऊ नका.

चार, स्वतःच्या कष्टाचा पैसा अंदाजपत्रकात लिहा. मी दीड वर्षाचं माझं काम शून्य धरलं, कारण माझी रोजीरोटी दुसऱ्या कामावर चालते. प्रत्येकाला हे परवडणार नाही. फुकट राबणं हा काही आपला अलंकार नाही. पिढ्यानपिढ्या आपल्या लोकांकडून बिनपगारी काम करून घेतलं गेलं, आता आपणच आपल्या कवीकडून, चित्रकाराकडून, कॅमेरा धरणाऱ्या पोराकडून तेच करून घ्यायचं का? पुढच्या खंडाच्या अंदाजपत्रकात वह्या उतरवून काढणाऱ्या दोन मुलींचं मानधन मी पहिल्या ओळीत लिहिलं आहे.

या पुस्तकाच्या उरलेल्या प्रतींची विक्री पुढच्या खंडाला लागेल, पण तेवढ्याने तो निघणार नाही. पुन्हा दारोदार जावं लागेल. आता जाताना मला लाज वाटत नाही. ज्या गाण्यांनी माझ्या आजोळाला उभं राहायला शिकवलं, त्यांचं देणं मी फेडते आहे आणि दुसऱ्यांनाही त्यांच्या देण्याची आठवण करून देते आहे.

तुमच्याकडेही असं कुणी येईल. कुणी मासिकासाठी, कुणी नाटकासाठी, कुणी यूट्यूबवरच्या मालिकेसाठी, कुणी पहिल्या कवितासंग्रहासाठी. त्याला वेड्यात काढू नका आणि डोळे झाकून पैसेही देऊ नका. तीन प्रश्न विचारा. हिशेब कुठे आणि कधी बघायला मिळेल? सगळ्यात मोठी रक्कम कुणाची आहे? काम झालं नाही तर पैसे परत मिळतील का? तिन्ही उत्तरं सरळ मिळाली तर जमेल तेवढी वर्गणी भरा, पावती घ्या, आणि काम हातात आलं की ते वाचा, बघा, ऐका, पटलं नाही तर त्याच्याशी भांडा. फक्त एक करू नका. पैसे दिले म्हणून त्याला पान फाडायला सांगू नका.

जयभीम!